नेमणुकीची जागा आणि मतांची जागा

सौसर व पांढुर्णा हा मुलूख सातपुड्याच्या उतरणीला, छिंदवाड्याच्या पठाराखाली पसरलेला आहे. छिंदवाड्याहून घाट उतरून खाली आले म्हणजे माती काळी होते, बोली मराठी होते, आणि बाजारहाटाचे व सोयरिकीचे तोंड आपोआप नागपूरकडे वळते. सौसरहून सावनेरमार्गे नागपूरला जाणारी छोटी आगगाडी १९१३ साली सुरू झाली आणि पुढे शतकभर, म्हणजे २०१५ पर्यंत, ती या घाटातून चढत-उतरत राहिली. पांढुर्णा तर इटारसी-नागपूर या मोठ्या मार्गावरचेच स्थानक. वर्तमानपत्रांना या गावाची आठवण बहुधा वर्षातून एकदाच होते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार झाली म्हणजे. एरवी हा टापू संत्री, कापूस आणि आगगाडी यांच्या संगतीने शांतपणे नांदत असतो.

नागपूरशी असलेले त्याचे नाते आगगाडीहून फार जुने आहे. ते शहर वसवले तेच मुळी देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, आणि देवगडचा किल्ला आजही छिंदवाड्याच्या बाजूला डोंगरात उभा आहे. पुढे भोसल्यांचे राज्य आले, इंग्रजांचा मध्यप्रांत आला, त्याला वऱ्हाड जोडला गेला. पण सौसरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने १९५६ पर्यंत एक गोष्ट बदलली नाही. त्याच्या सारा-बंदीचा, जंगलाचा, शाळेचा कायदा नागपुरास होत असे. त्याच्या घरातील बाईला मत आहे की नाही, हेही नागपुरातच ठरत असे. त्या नागपूरच्या कायदेकौन्सिलात १९२८ साली एक बत्तीस वर्षांची स्त्री सभासद म्हणून जाऊन बसली, आणि पुढे चोवीस वर्षांनी तीच स्त्री नागपूरच्या मतदारांनी निवडून दिलेली लोकसभेची सभासद झाली. अनसूयाबाई काळे हे त्यांचे नाव.

अनसूयाबाई मूळच्या भागवतांच्या. त्यांचा जन्म १८९६ सालचा, बेळगावचा. पुण्याची हुजूरपागा, मग फर्ग्युसन कॉलेज आणि बडोद्याचे कॉलेज असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या मुलीच्या बाबतीत हा प्रवास किती असाधारण होता, हे आज सांगूनही पटणार नाही. फर्ग्युसनच्या वर्गात त्या काळी मुली किती असत, हे बोटांवर मोजता आले असते. १९१६ साली त्यांचा विवाह पुरुषोत्तम बाळकृष्ण काळे यांच्याशी झाला आणि त्या नागपूरकर झाल्या. चार मुलगे व एक मुलगी असा त्यांचा संसार होता. सार्वजनिक कार्यासाठी संसार सोडलेल्या स्त्रियांची चरित्रे आपल्याकडे आवडीने वाचली जातात; पाच मुलांना वाढवीत सभेला, तुरुंगाला आणि विधिमंडळाला जाणाऱ्या स्त्रीचे चरित्र त्या मानाने कमी लिहिले जाते.

नागपूर तेव्हा तापलेले शहर होते. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन तेथे भरले आणि असहकाराच्या ठरावावर तेथेच शिक्कामोर्तब झाले. १९२३ साली झेंडा सत्याग्रह झाला व देशभरातून स्वयंसेवक नागपूरच्या तुरुंगात येऊन पडले. या वातावरणात अनसूयाबाईंचे काम सुरू झाले ते भगिनी मंडळासारख्या स्त्रियांच्या संस्थांतून. हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायका जमवाव्यात, त्यांना लिहावाचायला व शिवणटिपण शिकवावे, आणि हळूहळू त्यांच्यापुढे शाळेचा, बालविवाहाचा, मताचा विषय काढावा, अशी त्या काळच्या अशा मंडळांची सर्वसाधारण रीत असे. पुरुषांच्या राजकारणाला ती फार सौम्य वाटे. परंतु त्या पिढीतील ज्या स्त्रिया पुढे विधिमंडळांत दिसल्या, त्यांतील कितीतरी जणींची पहिली सभा अशा एखाद्या वाड्याच्या माजघरात भरलेली होती.

मताचा विषय त्या वेळी प्रांताप्रांतांतून गाजत होता. १९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांना मताधिकार दिला नाही आणि नाकारलाही नाही. तो प्रश्न त्याने प्रांतिक कौन्सिलांच्या गळ्यात बांधून टाकला. मद्रास व मुंबई प्रांतांनी १९२१ साली स्त्रियांच्या मताला मान्यता दिली, संयुक्त प्रांताने १९२३ साली, पंजाब व बंगालने त्यानंतर. मध्यप्रांताचा ठराव १९२७ साली झाला. हा मताधिकारही मालमत्तेला बांधलेला होता. स्वतःच्या नावावर ठरावीक सारा वा कर असलेली बाई मतदार होई. आणि स्वतःच्या नावावर सातबारा असलेल्या बाया त्या काळी सौसर तहसिलीत काय किंवा नागपुरात काय, सापडणार किती? तेव्हा कायद्याने मत मिळाले तरी बहुसंख्य स्त्रियांच्या घरापर्यंत ते पोहोचले नाही.

मतदार होणे आणि सभासद होणे यांतही अंतर होते. स्त्रियांना कौन्सिलात बसण्याची बंदी १९२६ साली उठली. त्याच वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय मद्रास कौन्सिलच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी पडल्या. म्हणजे निवडणुकीचा मार्ग मोकळा झाला होता, पण तेथून कोणी सहज आत जाईल अशी स्थिती नव्हती. दुसरा मार्ग सरकारी नेमणुकीचा. मद्रासेत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी १९२७ साली याच मार्गाने कौन्सिलात गेल्या व त्या सभागृहाच्या उपाध्यक्षही झाल्या. पुढच्याच वर्षी मध्यप्रांताच्या सरकारने अनसूयाबाई काळे यांची नेमणूक केली.

या नेमणुकीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. नागपूरचे कौन्सिल हे इंग्रज सरकारच्या दृष्टीने डोकेदुखीचे कौन्सिल होते. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला तेथे बहुमत मिळाले होते, आणि त्या पक्षाने मंत्र्यांचे पगार नाकारून द्विदल राज्यपद्धतीचा गाडाच अडवून धरला होता. अशा सभागृहात सरकारनियुक्त सभासदाकडून साधारणतः एकच अपेक्षा असे: मतमोजणीच्या वेळी सरकारी बाजूची संख्या वाढवावी. एका शिक्षित, प्रतिष्ठित घरातील स्त्रीला नेमण्यात सरकारची आणखी एक सोय होती. सुधारणेला आपण अनुकूल आहोत असे दाखविता येई आणि त्यासाठी एकही मतदारसंघ धोक्यात घालावा लागत नसे. ही जागा म्हणजे पाहुणचाराची जागा. यजमानाच्या मर्जीने मिळालेली आणि यजमानाच्या घरात बसून त्याच्याच विरुद्ध बोलण्याचा संकोच वाटावा अशी.

तरीसुद्धा तिचा उपयोग नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९२९ साली मध्यवर्ती विधिमंडळात शारदा कायदा संमत झाला आणि मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरले. त्यासाठी देशभर स्त्रियांच्या परिषदा भरत होत्या, अर्ज जात होते. अखिल भारतीय महिला परिषद तर १९२७ साली पुण्यास शिक्षणाच्या प्रश्नासाठीच जन्मली होती. अशा वेळी प्रांताच्या सभागृहात एक जरी स्त्री बसलेली असली तरी बाहेरच्या चळवळीला सरकारदरबारी तोंड मिळे. सभागृहाचे नियम, प्रश्न विचारण्याची पद्धत, अंदाजपत्रकाची भाषा, हे सारे पुढे अनसूयाबाईंना ज्या सहजतेने हाताळावे लागले, त्याचे पहिले धडे त्या दोन वर्षांतलेच.

मग १९३० साल उजाडले. ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडला गेला. गांधीजींबरोबर साबरमतीहून निघालेल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती, याबद्दल स्त्री-कार्यकर्त्यांत नाराजी होती. पण किनाऱ्यावर पोहोचण्याआधीच ती मर्यादा टिकणार नाही हे दिसू लागले होते. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. मद्रासेत मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी या अटकेच्या निषेधार्थ कौन्सिलची जागा सोडली. नागपुरास अनसूयाबाईंनीही आपली जागा सोडली व त्या सविनय कायदेभंगात उतरल्या. त्यांना अटक झाली, तुरुंगवास झाला.

जागा सोडण्यात त्यांनी काय पणाला लावले, याचा विचार करावासा वाटतो. स्त्रियांना ही खुर्ची मिळून दोन वर्षेही नीट झाली नव्हती. ती रिकामी केली तर सरकार दुसऱ्या कोणा राजनिष्ठ बाईला बसवील किंवा कोणालाच बसविणार नाही, हे उघड होते. इतक्या प्रयत्नाने मिळालेली जागा स्त्रियांनी स्वतःच्या हाताने का सोडावी, असा युक्तिवाद कोणी केला असता तर तो पोकळ म्हणता आला नसता. परंतु ती जागा राखण्यासाठी जी किंमत द्यावी लागली असती, ती म्हणजे रस्त्यावरच्या स्त्रियांशी फारकत. दारूच्या व विलायती कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहिलेल्या बायकांना ज्या सरकारचे पोलीस उचलून नेत होते, त्याच सरकारच्या यादीतले आपले नाव त्यांच्या प्रतिनिधीने कसे मिरवावे? अनसूयाबाईंचा निर्णय योग्य होता असे आज म्हणता येते, कारण पुढचा इतिहास ठाऊक आहे. त्या क्षणी तो ठाऊक नव्हता.

मध्यप्रांताला समुद्र नाही, म्हणून मिठाच्या जागी येथे जंगल आले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या बाजूला राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि पाहता पाहता जंगल सत्याग्रह सातपुड्याच्या दोन्ही अंगांना पसरला. छिंदवाड्याच्या शेजारच्या शिवनी जिल्ह्यात, तुरिया या गावी, ९ ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तीन आदिवासी स्त्रिया व एक पुरुष मरण पावले. सौसर-पांढुर्ण्याच्या गोंड वस्त्यांना गवत, मोहफुले आणि सरपण यांचा हा प्रश्न समजावून सांगावा लागला नसता. तो त्यांच्या रोजच्या चुलीचा होता. तुरियाच्या त्या स्त्रियांना मत नव्हते. मालमत्तेच्या अटीने ते त्यांना कधी मिळण्याची आशाही नव्हती. १९३० च्या वर्षाने नागपूरच्या शिक्षित स्त्रीला आणि जंगलकाठच्या निरक्षर स्त्रीला एकाच कायद्यासमोर उभे केले, ही त्या वर्षाची मोठी कमाई म्हटली पाहिजे.

यानंतर १९३५ चा कायदा आला. त्याने स्त्रियांचा मताधिकार वाढविला, पण तोही अजब रीतीने. साक्षर स्त्रीला किंवा ठरावीक मालमत्ता असलेल्या पुरुषाच्या पत्नीला मत देण्याची सोय त्यात झाली. नवऱ्याच्या नावावरचा सारा बायकोला मतदार करी. देशातील स्त्रियांच्या प्रमुख संस्थांनी याला विरोध केला होता. आम्हाला राखीव जागा नकोत, नवऱ्याच्या नात्याने मिळणारे मतही नको, सर्व प्रौढांना सारखे मत द्या, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते ऐकले नाही. प्रांतिक विधानसभांतून स्त्रियांसाठी एकेचाळीस जागा राखून ठेवल्या गेल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांत त्यांच्या वाट्याला तीन आल्या.

१९३७ च्या आरंभी या कायद्याखाली निवडणुका झाल्या, आणि अनसूयाबाई आता काँग्रेसच्या वतीने निवडून येऊन त्याच नागपूरच्या विधिमंडळात परतल्या. मतदार मोजकेच होते, मताधिकार अर्धामुर्धा होता; पण खुर्चीचा धनी बदलला होता. १९२८ साली त्यांना ज्यांनी पाठविले होते ते सरकार होते. १९३७ साली ज्यांनी पाठविले त्यांत, थोड्या का होईनात, बाया होत्या. विधानसभेच्या अध्यक्षपदी घनश्यामसिंग गुप्ता आणि उपाध्यक्षपदी अनसूयाबाई काळे यांची निवड झाली. मद्रासेत त्याच सुमारास रुक्मिणी लक्ष्मीपती यांना तेच पद मिळाले, संयुक्त प्रांतात विजयालक्ष्मी पंडित मंत्री झाल्या. ज्या सभागृहात आपण सरकारच्या पाहुण्या म्हणून बसलो होतो त्याच सभागृहाला शिस्तीत राहण्याची आज्ञा देण्याचा अधिकार सात वर्षांनी हाती यावा, हा योग थोड्यांच्याच वाट्याला येतो.

त्या विधानसभेत आणखी एक स्त्री होती. जबलपूरच्या सुभद्राकुमारी चौहान. झाशीच्या राणीवरच्या कवितेने त्यांचे नाव हिंदी मुलखात घरोघर गेले होते, आणि १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरच्या तुरुंगाची ओळखही त्यांना झाली होती. एक मराठी, एक हिंदी. एक महाकोशलची, एक नागपूरची. प्रांताची दोन अंगे या दोघींच्या रूपाने सभागृहात शेजारी आली. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतत असताना शिवनीजवळ मोटारीच्या अपघातात सुभद्राकुमारींचा अंत झाला. वयाची चव्वेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

दोन भाषांचा तो संसार सुखाचा नव्हता, हे मात्र लपविण्यात अर्थ नाही. डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ १९३८ च्या जुलैत कोसळले आणि पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले, तेव्हा मराठी नागपूर-वऱ्हाड व हिंदी महाकोशल यांच्यातील तेढ चव्हाट्यावर आली. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा करणे हा स्वतंत्र विषय आहे. पांढुर्णा-सौसरच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग एवढाच की, प्रांताचे दोन तुकडे व्हावेत ही भाषा तेव्हापासून बळावत गेली, आणि तुकडे पडताना रेघ कोठून जाईल हा प्रश्न घाटाखालच्या या मराठी तहसिलीला कोणी विचारलाही नाही.

१९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली व विधानसभेचे कामकाज थंडावले. अनसूयाबाईंच्या सार्वजनिक आयुष्यातील सर्वांत कठीण काम याच्या पुढचे आहे, आणि ते सभागृहाबाहेरचे आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी या दोन्ही गावी जमाव आणि पोलीस यांची गाठ पडली. गोळ्या चालल्या, गावकरी मेले. संतप्त जमावाच्या हातून अधिकारीही मारले गेले. त्यानंतर चिमुरास लष्कर शिरले. पुरुष धरले गेले किंवा रानात पळाले, आणि घरात राहिलेल्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांची हकीकत सरकारी बंदोबस्तातून फटीफटीने बाहेर आली. नागपूरच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी त्या गावी जाऊन बायकांचे म्हणणे ऐकून घेतले. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी उपवास आरंभिला. तो त्रेसष्ट दिवसांनी, १२ जानेवारी १९४३ रोजी सुटला.

खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या माणसांचे प्राण वाचविण्यासाठी जी खटपट नागपुरातून झाली, तिच्यात अनसूयाबाई अग्रभागी होत्या. चिमूर-आष्टीच्या बायांची बाजू त्यांनी उचलून धरली आणि कैद्यांच्या बचावाचे काम चिकाटीने चालविले. हे काम दिसायला अगदी रुक्ष असते. वकील गाठायचे, दयेचे अर्ज लिहायचे, त्यांवर सह्या मिळवायच्या, पैसा जमवायचा, वर्तमानपत्रांना मजकूर पुरवायचा, एक अर्ज फेटाळला गेला की दुसरा तयार ठेवायचा, आणि त्याच वेळी खेड्यातून आलेल्या आई-बायकांना धीर द्यायचा. १९४२ ते १९४५ अशी तीन वर्षे हे चालले. गांधीजींनीही सरकारकडे रदबदली केली. अखेर १९४५ साली, फास गळ्याशी आलेल्या कैद्यांची शिक्षा बदलून जन्मठेपेची करण्यात आली. नागपुरात अनसूयाबाईंचे नाव पुढे कित्येक वर्षे घेतले गेले ते उपाध्यक्षपदापेक्षा या कामासाठी अधिक, आणि ते साहजिकच होते.

१९४८ साली त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. ज्या परिषदेने पूर्वी सर्व प्रौढांना सारखे मत मागितले होते, तिच्या अध्यक्षस्थानी त्या असतानाच दिल्लीत घटना समितीचे काम चालू होते, आणि प्रौढ मतदानाचे तत्त्व तेथे मान्य झाले होते. मालमत्ता नाही, साक्षरता नाही, नवऱ्याचा सारा नाही. एकवीस वर्षांचे वय एवढीच अट.

तत्त्व आणि मतदारयादी यांच्यामध्ये पुन्हा एक गोष्ट आडवी आली: बाईचे नाव. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार करताना कारकून घरोघर गेले, तेव्हा उत्तरेकडील अनेक राज्यांतून स्त्रियांनी आपले नाव परक्या माणसाला सांगण्याचे नाकारले. अमक्याची आई, तमक्याची बायको अशाच नोंदी करून घेतल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य न धरण्याचा निर्णय घेतला. देशातील सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाखांची नावे त्यामुळे गळाली. निर्णय कठोर होता. परंतु १९३५ च्या कायद्याने बाईला नवऱ्याच्या नात्याने मतदार केले होते, आणि आता कायदा तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारीत होता, हा फरक त्या कठोरपणाच्या मुळाशी आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेक ठिकाणी बायांनी नावे सांगितली.

१९५२ च्या त्या निवडणुकीत अनसूयाबाई नागपूर मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आल्या. वय छप्पन्न. लोकसभेच्या ४८९ जागांत स्त्रिया पंचविसाच्या आत होत्या, आणि त्यांत बिहारच्या तारकेश्वरी सिन्हा यांच्यासारखी पंचविशी नुकतीच गाठलेली सभासदही होती. तिला सरळ लोकांपुढे जाऊन मत मागता आले. अनसूयाबाईंच्या पिढीला आधी नेमणूक घ्यावी लागली, ती फेकून द्यावी लागली, मग अर्ध्या मताधिकारावर निवडून यावे लागले, आणि मग कोठे ही पायरी आली. तरुणपणी मिळालेल्या संधीचे माप दोघींच्या वयांतील या तीस वर्षांनी होते. सौसर-पांढुर्ण्याच्या बायांनीही त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा मते दिली. त्यांच्या छिंदवाडा मतदारसंघातून रायचंदभाई शहा दिल्लीस गेले.

तोपर्यंत नागपूर आणि सौसर एकाच राज्यात होते. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मध्यप्रदेश झाले होते आणि राजधानी नागपूरच होती. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांच्या विदर्भाची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. वाटणी जिल्ह्यांच्या हिशेबाने झाली. छिंदवाडा जिल्हा एकंदरीने हिंदी, म्हणून तो नव्या मध्यप्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर घाटाखालची मराठी तहसीलही राहिली. नागपूर आगगाडीने पूर्वीइतकेच जवळ होते, राजधानी मात्र भोपाळ झाली. योगायोग असा की त्याच दिवशी, त्याच कायद्याने, अनसूयाबाईंचे जन्मगाव बेळगावही म्हैसूर राज्यात गेले. त्या रेघेच्या दोन टोकांना असलेली ही दोन मराठी गावे एका स्त्रीच्या आयुष्यात अशी एकत्र आली.

१९५७ च्या निवडणुकीत त्या पुन्हा नागपुरातून विजयी झाल्या. शहर तेच, खुर्ची तीच, पण पहिल्या वेळी त्या मध्यप्रदेशातून निवडून आल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी मुंबई राज्यातून. १९५८ साली त्यांचे निधन झाले. रिकाम्या जागेसाठी १९५९ साली पोटनिवडणूक झाली, तीत अपक्ष म्हणून उभे राहिलेले बापूजी अणे निवडून आले. १९३० साली ज्यांनी जंगलाचे गवत कापून या प्रांताचा सत्याग्रह सुरू केला होता तेच आता स्वतंत्र विदर्भाचा पुरस्कार करीत अनसूयाबाईंच्या जागेवर बसले.

रेघेपलीकडच्या छिंदवाड्याची कथा निराळ्या गतीने चालली. १९८५ साली या जिल्ह्यातील दमुआ मतदारसंघातून अनसूया उईके ही आदिवासी तरुणी मध्यप्रदेश विधानसभेवर निवडून आली. नावही तेच, अनसूया. पुढे राज्यात मंत्रीपद, २००६ साली राज्यसभा, आणि नंतर छत्तीसगड व मणिपूरचे राज्यपालपद असा तिचा प्रवास झाला. लोकसभेसाठी मात्र या मतदारसंघाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी विद्यमान खासदार कमलनाथ यांना पक्षाची उमेदवारी मिळाली नाही. त्यांच्या पत्नी अलका नाथ उभ्या राहिल्या व निवडून आल्या, आणि वर्षाच्या आतच त्यांनी राजीनामा दिला. १९९७ च्या पोटनिवडणुकीत कमलनाथ स्वतः उभे राहिले, पण निवडून आले सुंदरलाल पटवा. २०२३ साली पांढुर्णा हा सौसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. लोकसभेसाठी दोन्ही गावे छिंदवाड्यातच राहिली. १९९७ नंतर २०२४ पर्यंत झालेल्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीत तेथून पुरुषच निवडून गेला आहे.